मद्य आणि स्तनांचा कर्करोग : पुराव्याची जमाबंदी

पनवेल तालुक्याच्या सरकारी दप्तरात दारूने प्रथम प्रवेश केला तो महसुलाची एक बाब म्हणून. पनवेल ज्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत होते (१८८३ साली ते कुलाब्याकडे गेले आणि त्याच कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले) आणि उरण हा पनवेलच्याच कक्षेतला एक महाल होता, त्या काळी उरणच्या भट्ट्यांत मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई आणि ती मुंबईस रवाना होई. ताडामाडांवर कर बसे. आणि १८७८ च्या अबकारी कायद्याने, व त्यानंतर १८९२ साली खास ठाणे-कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी केलेल्या मोहाफुलांच्या कायद्याने तर, गरिबाने घरात वाळवून ठेवलेली फुलेसुद्धा कलेक्टराच्या देखरेखीखाली आली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हीच वस्तू गुन्ह्याच्या सदरात जमा झाली, आणि त्यानंतर परवाना, शुल्क, लिलाव अशा वळणांनी पुन्हा तिजोरीच्या सदरात परतली. या सव्वाशे-दीडशे वर्षांत दारूचा विचार महसुलाच्या, पोलिसांच्या आणि नीतीच्या अंगाने पुष्कळ झाला. पिणाऱ्या स्त्रीच्या देहाच्या अंगाने मात्र तो झाला नाही, कारण पिणारी स्त्री सरकारदरबारी आणि समाजदरबारीही कोणी गृहीतच धरली नव्हती. आज त्याच तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था उभी आहे, तिथल्या कर्करोग साथशास्त्र केंद्रात दारूची नोंद रोगाचे कारण म्हणून होते, आणि मद्यपानाने स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोग वाढतो काय, हा प्रश्न तिथून खाडीपलीकडच्या उलव्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

उलवे हे नाव आता एका वसाहतीचे आहे. गव्हाण, वहाळ, मोरावे, शेलघर, बामणडोंगरी या आगरी-कोळी गावांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर सिडकोने ही वसाहत आखली. ज्या मूळ उलवे गावावरून तिला नाव मिळाले ते गाव तरघर-कोंबडभुज्यांसह विमानतळाच्या हद्दीत सापडून उठले. उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट झाली आणि नदीचा प्रवाहही वळवला गेला. २०१८ साली खारकोपरपर्यंत आगगाडी आली, २०२४ च्या जानेवारीत ती उरणला पोहोचली व त्याच दिवशी शिवडीहून समुद्रावरचा अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. या सर्व उलथापालथीत इथे तीन प्रकारच्या स्त्रिया एकमेकींच्या शेजारी येऊन राहिल्या आहेत : ज्यांच्या सासूने मिठागरात घमेली वाहिली आणि ज्या स्वतः सकाळी उठून दातांना मिश्री लावतात त्या, मुंबईच्या चाळी सोडून कर्जाने घर घेऊन आलेल्या मध्यमवर्गीय, आणि बेलापूरच्या किंवा ऐरोलीच्या कचेऱ्यांत रात्रपाळी करणाऱ्या, विशी-तिशीतल्या, स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या मुली. पहिलीने हळदीच्या रात्री पुरुषांना दारू पिताना जन्मभर पाहिले, आणि ती बंद व्हावी म्हणून अलीकडे गावोगाव होणाऱ्या ठरावांना मनोमन पाठिंबाही दिला. तिसरीच्या हाती मात्र कचेरीच्या मेजवानीत पेला दिला जातो आणि तो नाकारणे तिला गावंढळपणाचे वाटते. एकाच शास्त्रीय सिद्धांताचा अर्थ या तिघींसाठी एक असणार नाही, आणि या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात.

कारण या प्रश्नावर दोन टोकांची मते मोठ्या आवाजात बोलली जातात. एक पक्ष म्हणतो, दारू म्हणजे कर्करोग, त्यात बोलण्यासारखे काही उरलेले नाही. दुसरा म्हणतो, पाश्चात्त्य बायका शतकानुशतके द्राक्षासव पीत आल्या, एखाद्या पेल्याने काय होते. माझ्या मते पुरावा असा आहे की मद्य हे स्तनकर्करोगाचे एक कारण आहे यात आता वाद उरलेला नाही, आणि तरीही आजच्या महाराष्ट्रात या रोगाने गाठलेल्या स्त्रियांपैकी मद्यामुळे तो झालेल्या स्त्रिया अत्यल्प आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतले एक गाळून दुसरे सांगणे ही अर्धी साक्ष होय.

पहिल्या विधानाची कुळकथा अशी. स्तनकर्करोग कोणत्या स्त्रियांना अधिक होतो याची पद्धतशीर तुलना प्रथम केली ती ब्रिटनमधील डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपॉन या विदुषीने, १९२६ साली. रोगी स्त्रिया आणि निरोगी स्त्रिया समोरासमोर ठेवून तिने दाखवले की ज्यांना मुले कमी, ज्यांनी अंगावर कमी पाजले, त्यांच्यात हा रोग अधिक. मद्याचे नाव त्या काळी कोणी घेतले नव्हते. ते आले १९७७ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग पाहणीच्या आकड्यांतून, आणि तेही काहीसे अनपेक्षितपणे. दहा वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील एकात ८९,५३८ परिचारिकांचा काही वर्षे पाठपुरावा केलेला होता, आणि दररोज १५ ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क घेणाऱ्यांत न पिणाऱ्यांच्या तुलनेने जोखीम दीडपटीहूनही थोडी अधिक आढळली होती. त्यावर गदारोळ झाला. परिचारिका अमेरिकेच्या, सुस्थितीतल्या, उशिरा बाळंत होणाऱ्या, नियमित तपासणी करून घेणाऱ्या. मग दोष पेल्याचा की त्या साऱ्या जीवनक्रमाचा, असा रास्त प्रश्न विचारला गेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही १९८८ च्या आपल्या प्रबंधात मद्य हे मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि यकृत यांच्या कर्करोगांचे कारण ठरवले, पण स्तनाचे नाव त्या यादीत घालण्याइतका पुरावा तिला पुरेसा वाटला नाही.

हा संकोच संपवण्याचे श्रेय ऑक्सफर्डहून चालवलेल्या एका प्रचंड सामुदायिक उद्योगाकडे जाते. जगभरच्या ५३ अभ्यासांतील मूळ नोंदी, म्हणजे कर्करोग झालेल्या ५८,५१५ आणि न झालेल्या ९५,०६७ स्त्रियांच्या, एकत्र करून, वय, बाळंतपणे, धूम्रपान इत्यादी गोष्टींचा हिशेब वजा घालून २००२ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो असा : रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम मद्यार्कामागे स्तनकर्करोगाची सापेक्ष जोखीम ७.१ टक्क्यांनी वाढते. त्याच निबंधाने एक जुना घोळही निस्तरला. धूम्रपानाचा जो संबंध आधीच्या अभ्यासांत दिसे तो बहुतांशी सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया दारूही घेत असल्यामुळे होता, कारण ज्या मुळीच पीत नसत त्यांच्यात धूम्रपानाचा परिणाम आढळेना. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने आपला निवाडा बदलला आणि मद्यजन्य कर्करोगांच्या यादीत स्त्रियांचा स्तन दाखल झाला. नंतरचे अभ्यास, ज्यांत बारा लाख ऐंशी हजार ब्रिटिश स्त्रियांची २००९ सालची पाहणी आणि त्याच अमेरिकन परिचारिकांचा २०११ सालचा दीर्घ पाठपुरावा येतो, या निवाड्याला पुष्टीच देत गेले. दुसऱ्या अभ्यासात तर आठवड्याला तीन ते सहा पेले इतक्या अल्प प्रमाणातही सुमारे १५ टक्के वाढ दिसली. आणि २०१३ साली परिचारिकांच्याच दुसऱ्या पिढीत असे आढळले की मासिक पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या गर्भधारणेपर्यंतच्या काळात, म्हणजे स्तनातील पेशी अद्याप परिपक्व झालेल्या नसताना, घेतलेल्या मद्याचा परिणाम रोजच्या १० ग्रॅममागे ११ टक्के असतो. पहिले मूल तिशीनंतर होणाऱ्या नागर स्त्रीच्या बाबतीत हा काळ पंधरा-सतरा वर्षांचा होतो, ही गोष्ट उलव्याच्या तिसऱ्या प्रकारच्या स्त्रीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हे टक्के म्हणजे काय, याचा निवांतपणे उलगडा केला पाहिजे. कारण टक्क्यांनी माणसे जितकी घाबरतात तितकीच फसतातही. ७ टक्के वाढ याचा अर्थ शंभरांतल्या सात स्त्रियांना कर्करोग होणार असा नाही. ऑक्सफर्डच्याच हिशेबाप्रमाणे पाश्चात्त्य देशांतील मुळीच न पिणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वयाच्या ऐंशीपर्यंत ८.८ जणींना हा रोग होतो. रोज एक पेला घेणाऱ्या शंभरांत ९.४, दोन पेले घेणाऱ्यांत १०.१, तीन घेणाऱ्यांत १०.८, आणि सहा घेणाऱ्यांत १३.३ जणींना. म्हणजे रोज दोन पेले आयुष्यभर घेणाऱ्या शंभर स्त्रियांत सव्वा स्त्री अधिक. हा आकडा ज्याला क्षुल्लक वाटेल त्याने तो लाखांत मांडून पाहावा, आणि ज्याला भयंकर वाटेल त्याने उरलेल्या नव्वद जणींकडेही एकदा पाहावे. आपल्याकडे मुळातला आकडाच लहान आहे : पाश्चात्त्य देशांत दर लाख स्त्रियांत वर्षाला ऐंशी-नव्वदच्या घरात असणारे प्रमाण मुंबईत तिशीच्या आसपास असते, त्यामुळे त्याच टक्केवारीने होणारी भरही त्या मानाने लहान होते.

आणि ग्रॅम म्हणजे किती, हे बाटलीच्या पाठीवर वाचावे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असते. मद्यार्काचे वजन पाण्याच्या सुमारे चार-पंचमांश असल्यामुळे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात १० ग्रॅमच्या आसपास मद्यार्क भरतो, मोठ्या पेगात २०, आणि १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये ६० च्या वर. बिअरला लोक निरुपद्रवी समजतात, विशेषतः स्त्रियांना ती आग्रहाने देताना. परंतु ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम, अर्थात चार लहान पेग. ५ टक्क्यांची साधी बिअरही त्याच मापाच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या पुढे जाते, आणि दीडशे मिलिलिटर वाइनमध्ये १५ ग्रॅम असतात. स्तनाच्या पेशीला ही भांडी वेगळी ओळखता येत नाहीत. ती ग्रॅम मोजते. याच मापाने उलटही पाहावे : महिन्यातून एकदा दोन लहान पेग घेणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी पाऊण ग्रॅमही होत नाही, आणि वरचा दर तसाच खाली ओढला तर तिची जोखीम अर्ध्या टक्क्याने वाढते. अशा स्त्रीला ‘तू कर्करोग ओढवून घेते आहेस’ असे सांगणारा मनुष्य वैद्यक सांगत नसून आपली नापसंती वैद्यकाच्या नावावर खपवत असतो.

हे घडते कसे, याविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्याचा सर्व तपशील अजून जुळलेला नाही. मद्यार्काचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते. हे द्रव्य पेशीतील जनुकद्रव्याला चिकटते व त्याची दुरुस्ती बिघडवते. आणि हे रूपांतर केवळ यकृतातच होते असे नसून स्तनाच्या ऊतींतही ते घडवणारी विकरे असतात. दुसरी वाट इस्ट्रोजेनची. स्वयंसेवक स्त्रियांना ठरावीक मद्य देऊन केलेल्या प्रयोगांत त्यांच्या रक्तातील इस्ट्रोजेन वाढल्याचे दिसले. रजोनिवृत्त स्त्रियांत रोज १५ ग्रॅमने एका प्रकारच्या इस्ट्रोजेनची पातळी ७.५ टक्के आणि ३० ग्रॅमने १०.७ टक्के वर गेली. ज्या कर्करोगांच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात त्यांच्याशीच मद्याचा संबंध अधिक ठळक दिसतो, याची संगती या वाटेने लागते. फोलेट या जीवनसत्त्वाच्या शोषणात मद्य अडथळा आणते हीही एक उपपत्ती आहे. ती अद्याप कच्ची आहे.

आक्षेपांपैकी एकाचाच परामर्श घेणे अगत्याचे आहे, तो हृदयाचा. थोडे मद्य हृदयाला हितकर असते, आणि स्त्रिया कर्करोगापेक्षा हृदयविकाराने अधिक मरतात, तेव्हा एकूण हिशेब फायद्याचाच, असे अनेक वर्षे सांगितले गेले व सुशिक्षितांनी ते मोठ्या तत्परतेने पाठ केले. या हितकरतेचे बरेचसे श्रेय तुलनेच्या दोषाला जाते : न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही मोजले गेले, आणि थोडे पिणारे लोक बहुधा श्रीमंत, शिकलेले व व्यायाम करणारे निघाले. हा वाद प्रयोगानेच मिटवावा म्हणून अमेरिकेत एक मोठी चाचणी योजली होती. तिच्या आखणीच्या काळात मद्यउद्योगाकडून पैसा मिळवण्यासाठी जे व्यवहार झाले ते उघडकीस येताच २०१८ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ती बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही असे जाहीर केले, आणि २०२५ च्या आरंभी अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मद्याच्या बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापावा अशी शिफारस केली.

येथवर पहिले विधान झाले. दुसऱ्यासाठी आपल्या घरचे आकडे उघडले पाहिजेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात १.३ टक्के, गोव्यात ५.५ टक्के, अरुणाचलात २४ टक्क्यांच्या आसपास, आणि महाराष्ट्रात ०.४ टक्के निघाले. महाराष्ट्रातल्या पुरुषांत ते १३.९ टक्के होते. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पिणारी स्त्री म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातली, तोकड्या कपड्यांतली मुलगी उभी राहते. पण देशाचे आकडे सांगतात की शहरी स्त्रियांत हे प्रमाण ०.६ आणि ग्रामीण स्त्रियांत १.६ टक्के आहे. घरी गाळलेली तांदळाची वा मोहाची दारू ज्या समाजांत सणावाराचा भाग आहे त्या समाजांतल्या कष्टकरी स्त्रिया या आकड्यात आहेत. त्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही.

०.४ टक्के स्त्रिया पीत असतील आणि त्या सर्वांची जोखीम उदारपणे ३० टक्क्यांनी वाढते असे धरले, तरी महाराष्ट्रातील स्तनकर्करोगाच्या दर हजार रुग्णांत मद्यामुळे रोगी झालेली स्त्री जेमतेम एक निघते. पाहणीचे उत्तर कमी सांगितले गेले असणार हे उघड आहे. दारात उभी राहून प्रश्न विचारणाऱ्या बाईला, आत सासू ऐकत असताना, ‘हो, घेते’ असे उत्तर कोणती सून देईल? म्हणून खरा आकडा पाचपट मानू. तरीही हजारांत सहा. गोव्याचा हिशेब याच रीतीने हजारांत सोळा होतो. ऑक्सफर्डच्या निबंधात विकसित देशांसाठी हे प्रमाण शंभरांत चार दिले आहे, आणि विकसनशील देशांत जिथे सरासरी सेवन रोज ०.४ ग्रॅम होते तिथे परिणाम नगण्य, असे स्पष्ट म्हटले आहे. सबंध जगात २०२० साली मद्यामुळे झालेल्या स्तनकर्करोगांची संख्या सुमारे ९८,३०० अंदाजली गेली. भारतात २०२२ साली सर्व कारणांनी मिळून झालेले नवे स्तनकर्करोग १,९२,०२० होते, आणि त्या वर्षी ९८,३३७ स्त्रिया या रोगाने दगावल्या. हे आकडे शेजारी ठेवले की कळते, आपल्याकडचा हा पूर दुसऱ्याच डोंगरावरून येतो आहे.

तो कोणत्या डोंगरावरून येतो याचा माग मुंबईनेच प्रथम काढला. १९६३ साली भारतीय कर्करोग सोसायटीच्या आश्रयाने डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली लोकसंख्येवर आधारलेली ती पहिली नोंदणी. १९७० मध्ये तिच्या आकड्यांवरून दिसले की पारशी समाजातील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर मुंबईकर स्त्रियांच्या मानाने फार अधिक आहे, आणि ज्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने इतर समाज गांजले होते तो त्यांच्यात कमी. उशिरा लग्न, थोडी मुले, पुष्कळ अविवाहित स्त्रिया, सकस आहार ही त्या समाजाची लक्षणे; पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तीच सबंध शहराची होत गेली, आणि मुंबईत स्तनाच्या कर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकले. १९८७ पासून चालू असलेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत आजही स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी आहे. ऑक्सफर्डच्या त्याच मंडळींनी २००२ सालीच दुसऱ्या एका निबंधात दाखवले होते की प्रत्येक बाळंतपणामागे जोखीम ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या प्रत्येक वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी घटते. रोजचा एक लहान पेग आणि एक न झालेले बाळंतपण यांचे पारडे असे जवळजवळ समतोल निघते. पण मूल उशिरा झाले म्हणून कोणी स्त्रीला व्यसनी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. टाटा रुग्णालयातील रुग्णांवर खारघरच्या संशोधकांनी केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमरेभोवतीचा लठ्ठपणा हे रजोनिवृत्तीच्या आधीही आणि नंतरही मोठे कारण आढळले. उलव्याच्या दुसऱ्या प्रकारच्या स्त्रीला, जी गाडीत दोन-दोन तास बसून कामावर जाते, रात्री नऊला जेवते आणि पेल्याला शिवतही नाही, तिला हे वाक्य मद्यावरच्या सगळ्या वाक्यांपेक्षा अधिक लागू आहे.

आणि पहिलीला? महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १०.९ टक्के आहेत, पिणाऱ्यांच्या पंचवीसपटींहून अधिक, आणि त्यांत मिश्रीचा वाटा मोठा. खारघरच्याच केंद्राने अलीकडे गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगावर एक अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात रोजच्या ९ ग्रॅम मद्यार्कानेही त्या कर्करोगाची जोखीम सुमारे दीडपट होते आणि गावठी दारू व चघळण्याची तंबाखू एकत्र आल्या की ती कितीतरी अधिक वाढते, असे निष्पन्न झाले. तो रोग आणि हा रोग वेगळे. परंतु मिश्री लावणाऱ्या स्त्रीशी कर्करोगाविषयी बोलायचे तर तोंडापासून सुरुवात करणे शहाणपणाचे, एवढे त्यावरून ठरते.

मग हा विषय सोडूनच द्यावा काय? तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण ते ०.४ टक्केच आहेत. हा आकडा लहान राहिला तो स्त्रियांनी पुरावा वाचला म्हणून नव्हे. रूढीच्या धाकाने तो राहिला, आणि रूढीचा धाक उलव्यासारख्या ठिकाणी, जिथे शेजारच्या दारावरची पाटी वाचायलाही कोणाला सवड नाही, वेगाने ओसरतो आहे. धाक गेला याचे मला दुःख नाही. पण त्याच्या जागी माहिती येण्याआधी जाहिरात येते आहे. ठरावीक रात्री स्त्रियांना फुकट पेला देणारी मद्यगृहे काही स्त्रीदाक्षिण्याने तो देत नसतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच असा युक्तिवाद जबाबदार लोकांनी केला होता. विरोधामुळे निर्णय अंमलात आला नाही, युक्तिवाद मात्र शिल्लक राहिला, आणि द्राक्षबागायतदाराचे हित व ग्राहक स्त्रीचे हित ही एकच बाब असल्यासारखे अजूनही बोलले जाते. बाटलीवर मद्यपान आरोग्यास अपायकारक असल्याचा आणि पिऊन वाहन न चालवण्याचा इशारा २०१९ पासून सक्तीचा आहे; त्यात कर्करोग हा शब्द नाही. आयर्लंडने तो शब्द घालण्याचा नियम २०२३ साली केला आणि व्यापाऱ्यांच्या दडपणापुढे त्याची अंमलबजावणी २०२८ पर्यंत ढकलली. खारघरच्या रहिवाशांनी आपली वसाहत दारूच्या दुकानांपासून मुक्त राहावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे आणि निवेदने केली, पण त्यांच्या कैफियतीतही भर होता तो उपद्रवावर आणि मुलाबाळांवर होणाऱ्या संस्कारांवर. स्त्रीच्या स्वतःच्या शरीराचा मुद्दा तिथेही मागेच राहिला.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे आणि मला तो अधिक क्रूर वाटतो. स्तनात गाठ निघालेली स्त्री जेव्हा घरात ती गोष्ट उच्चारते तेव्हा ‘तिने काय केले’ याचा शोध सुरू होतो. उशिरा लग्न, नोकरी, कपडे, बाहेरचे खाणे, आणि आता मद्यही, अशा आरोपांची यादी तयार असते. ज्या रोगात हजारांतल्या नऊशे नव्वदांहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत मद्य हे कारणच नसते, त्या रोगात ही चौकशी म्हणजे निव्वळ अन्याय आहे, आणि तिचा परिणाम एवढाच होतो की पुढची स्त्री गाठ लपवते. आपल्याकडे मृत्यूंची संख्या नव्या रुग्णांच्या निम्म्यावर जाते ती यामुळेही. रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर दाखवला जातो.

व्यवहारात काय करावे, हे सांगताना मी पुराव्याच्या पुढे जाणार नाही. जी पीत नाही तिने हृदयासाठी म्हणून वा संकोचापोटी सुरुवात करू नये. जी कधीमधी घेते तिने ग्रॅम मोजायला शिकावे आणि जितके कमी तितके बरे हे ध्यानात ठेवावे. जी रोज घेते तिने सोडल्यास स्तनाची जोखीम किती खाली येते याचा पुरावा आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली मर्यादित ठरवला आहे. मुखाच्या आणि अन्ननलिकेच्या बाबतीत तो पुरेसा ठरला आहे, आणि सोडण्यास तेवढे कारण पुष्कळ झाले. जिच्या आईला किंवा बहिणीला हा रोग झाला आहे तिने हा सल्ला इतरांहून अधिक गंभीरपणे घ्यावा.

परंतु तिन्ही प्रकारच्या स्त्रियांना सारखीच उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे, आणि तिचा पुरावाही मुंबईतच तयार झाला आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी सुरू केली. थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य-कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यूंत घट दिसली नाही, हेही त्यांनी लपवले नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे तिशीवरील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत व्हावयाची आहे. उलवे पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत नाही. त्यामुळे इथल्या स्त्रीचे दार जिल्हा परिषदेच्या गव्हाण येथील प्राथमिक आरोग्य केंद्राचे, आणि शंका आलीच तर पुढचे खारघरच्या टाटा केंद्राचे. तिने तिथे जावे, तपासणी मागून घ्यावी, आणि तपासणाऱ्या परिचारिकेने पिण्याविषयी विचारले तर, सासू सोबत असली तरी तिला क्षणभर बाहेर बसवून, खरे उत्तर द्यावे.